पत्र क्रमांक सदतीसचा खुलासा

मसुदेरावांनी कादंबरी लिहिण्यासाठी बेटच का निवडलं, या प्रश्नाचं त्यांच्याजवळ चांगलं मुद्देसूद उत्तर होतं. पण तो प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती.

चौतीस वर्षं त्यांनी शिक्षण खात्याच्या कचेरीत पत्रांचे मसुदे केले. खरं नाव हजेरीपुस्तकात राहिलं आणि माणूस मसुदेराव झाला. साहेब आले, साहेब गेले, पण "मसुदेराव, याला जरा उत्तर करा" हे वाक्य जागचं हललं नाही. त्यांचं उत्तर असं असे की तक्रार करणाऱ्याचं समाधान तरी व्हावं, नाहीतर आपली तक्रार नेमकी काय होती हे तरी तो विसरावा. सेवानिवृत्तीच्या दिवशी निरोपाला उत्तर देताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आजवर खात्यासाठी लिहिलं, आता स्वतःसाठी लिहिणार. वर्षाच्या आत माझी कादंबरी तुमच्या हातात असेल!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असताना माणसानं खाली बसावं हे बरं. मसुदेरावांनी हात वर केला आणि "सामाजिक!" अशी पुस्ती जोडली.

त्या वर्षातले आठ महिने घरातच गेले. घरात लिहिणं कसं होणार? बेल वाजते, नळ गळतो, वरच्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकतो. मसुदेराव म्हणाले, "मला एकांत पाहिजे." आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, तो मिळवून दिला.

बाई शाळेत शिकवत, त्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणे आणि मसुदेरावही बाईच म्हणत. त्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी बाई त्यांच्या आयुष्यात प्रथम आल्या त्या आवक टपालातून. बाईंच्या वर्गाचं छप्पर गळत होतं. त्यांनी कचेरीला पत्र लिहिलं, मसुदेरावांनी उत्तर केलं. बाईंनी पुन्हा लिहिलं, मसुदेरावांनी पुन्हा उत्तर केलं. बाई पत्रांना क्रमांक घालत. सदतिसावं पत्र आलं तेव्हा मसुदेराव उत्तर न लिहिता इस्त्रीचा सदरा घालून स्वतःच शाळेत गेले, आणि प्रकरण लग्नावर मिटलं. 'आपण'वरून दोघं 'तुम्ही'पर्यंत उतरले आणि तिथंच थांबले. छपराचं पुढं काय झालं, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही, असं मसुदेराव सांगत.

बाईंच्या चुलतभावाचं बेटावर एक रिकामं घर होतं. बाईंनी ते चार महिन्यांसाठी मागून घेतलं. त्यासाठी त्यांनी नोकरीची राहिलेली दोन वर्षं सोडली, आणि ही गोष्ट त्यांना सोपी गेली नाही. "पोरं विचारायला लागली, बाई कुठं चाललात? म्हटलं, आमच्या घरी पुस्तक लिहायचं काम निघालंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि ट्रंकेचं झाकण जरा जोरात लावलं. मग एक करार झाला. चार महिने. चार महिन्यांनी बाईंचे थोरले भाऊ लाँचनं बेटावर येतील. त्यांचा छापखाना होता. लिहिलेलं असेल तर ते घेऊन जातील. नसेल तर मसुदेरावांनी 'कादंबरी' हा शब्द जन्मात पुन्हा उच्चारायचा नाही.

"चार महिने म्हणजे फारच झाले," मसुदेराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं.

बेट झकास होतं. घरापासून चाळीस पावलांवर समुद्र, समोर बिनछपराचा व्हरांडा, व्हरांड्यापुढं दोन माड आणि त्या माडांना बांधलेली जाळीची झोळी. मसुदेरावांनी पहिल्याच दिवशी फाइल उघडली. वर लिहिलं, 'कादंबरी, भाग एक'. टॅग लावला, पंच मारला, टाचण्यांची डबी उजवीकडे ठेवली. कागदाच्या डोक्यावर सवयीनं 'संदर्भ :' असं लिहिलं आणि थांबले. कादंबरीला कसला संदर्भ असणार! त्यांनी तो शब्द खोडला. मग कागद खराब झाला म्हणून दुसरा घेतला. मग हवा छान होती म्हणून झोळीत गेले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची एक दिनचर्या बसली. सकाळी पाण्यात डुंबणं, मग चहा, मग झोळी, मग जेवण, मग त्या जेवणाला मान देण्यापुरती झोप, मग पुन्हा चहा, मग सूर्य बुडतो का ते जातीनं पाहणं. बाईंनी विचारलं की ते डोक्याला बोट लावून म्हणत, "इथं शिजतंय." बाई म्हणत, "करपायच्या आत उतरवा म्हणजे झालं."

शेजारी एक निवृत्त दीपगृह-रक्षक राहत. त्यांना सगळे दिवेवाले म्हणत. छत्तीस वर्षं एकट्यानं दिवा सांभाळल्यामुळं त्यांच्याजवळ सल्ल्यांचा मोठा साठा शिल्लक होता. त्यांनी मसुदेरावांची फाइल मांडीवर घेऊन पाहिली आणि निदान केलं.

"तुम्हाला टेबल नाही. टेबलाशिवाय लेखक म्हणजे आरशाशिवाय न्हावी. माझं नकाशे पसरायचं टेबल घेऊन जा."

टेबल आलं. छातीला लागेल एवढं उंच, खाली नकाशांच्या खोल खणांचं, शिसवी, चार माणसांना न आवरणारं. ते व्हरांड्यात मांडलं, त्याला उंच स्टूल मिळवलं, आणि मांडणीला मसुदेरावांनी चार दिवस दिले. डावीकडे कोरे कागद, उजवीकडे टाचण्या, मध्ये टिपकागद, कोपऱ्यात दौत. पाचव्या दिवशी ते स्टुलावर चढले, पेनाचं टोपण काढलं, आणि वरून एक नारळ येऊन टिपकागदाच्या बरोबर मध्यावर पडला.

मसुदेराव दचकले नाहीत. निदान तसं त्यांनी बाईंना नंतर सांगितलं. दिवेवाले कुंपणावरून म्हणाले, "वीतभर अलीकडे पडला असता तर कादंबरी मरणोत्तर झाली असती. माड उतरवून घ्या. पण तो सरकारी आहे बरं का, किनाऱ्याच्या हद्दीतला. परवानगी लागेल."

बेटाची कचेरी म्हणजे एक खोली, एक पंखा आणि एक कारकून. कारकून तरुण होता, पण 'लेखी द्या' हे दोन शब्द त्यानं असे उच्चारले की मसुदेरावांना माहेरी आल्यासारखं वाटलं. ते घरी आले आणि एका बैठकीत सात पानी अर्ज लिहिला. माडाची उंची, नारळाचं अंदाजे वजन, लेखकाच्या डोक्याचं राष्ट्रीय मूल्य, सगळे मुद्दे त्यात होते. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिल्या. तीन महिन्यांत या माणसाचं पेन एवढं पळालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

उत्तर येईपर्यंत टेबल आत घ्यावं असं ठरलं. टेबल आडवं करून पायांच्या बाजूनं आत घालायचं, असं बेटावरचा सुतार म्हणाला. दिवेवाले म्हणाले, पाय काढा. मसुदेराव म्हणाले, "अजिबात नाही! मांडणी लागलीये ना! आहे तसंच, सरळ आत सरकवा. दार बरोबर तेवढंच आहे, मी मोजलंय."

दार खरोखरच बरोबर तेवढंच होतं. टेबल दौतीसकट अर्ध्यापर्यंत सुरेख गेलं. मग सुताराला जेवायला जायचं होतं. तो परत आला तोवर समुद्रावरचा दमट वारा सुटला होता, लाकूड फुगलं होतं, आणि टेबल दारात असं बसलं होतं की जणू ते आधी होतं आणि घर नंतर बांधलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. मांडणी मात्र जराही हलली नव्हती.

"आता एकच," सुतार कपाळ खाजवत म्हणाला. "टेबल कापा, नाहीतर चौकट."

टेबल दिवेवाल्यांचं, ते म्हणाले, "माझ्या जिवंतपणी नाही." चौकट चुलतभावाची, त्याला पत्र टाकलं. मागचं दार वादळाच्या भीतीनं पूर्वीच खिळ्यांनी बंद केलेलं. तेव्हापासून घरात जायचं तर दोनच मार्ग राहिले. बाई स्टुलावर चढून खिडकीतून जात. मसुदेरावांच्या गुडघ्यांना खिडकी झेपेना, म्हणून ते टेबलाखालून रांगत जात. चौतीस वर्षं ज्यांच्या खोलीत शिपाईसुद्धा दार वाजवून आला, त्यांनी दिवसातून सहा वेळा रांगायचं! पहिल्या दिवशी ते इकडंतिकडं बघून रांगले. तिसऱ्या दिवशी दिवेवाले कुंपणावरून मोजायला लागले.

आठवड्यानं कारकून जागेची पाहणी करायला आला. त्यानं माडापासून फीत लावली, नकाशा पाहिला, पुन्हा फीत लावली, टेबलाखालून आत जाऊन आला, आणि कपडे झटकत म्हणाला, "साहेब, माड बरोबर आहे. तुमचा व्हरांडा चुकलाय. तीन फूट किनाऱ्याच्या हद्दीत येतोय."

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. व्हरांडा का काढून टाकण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. बाईंनी डोक्याला हात लावला. मसुदेरावांचा चेहरा मात्र असा उजळला की बाईंना वाटलं, व्हरांड्याबरोबर नवरासुद्धा हातचा गेला. त्यांनी दारातल्या टेबलाच्या बाहेरच्या अर्ध्या भागाला स्टूल लावलं, 'संदर्भ : आपली नोटीस' असं ठसठशीत लिहिलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत चौदा पानांचा खुलासा हातावेगळा केला. त्यात व्हरांडा आधी की समुद्र आधी इथपासून सुरुवात होती.

तीन दिवसांनी कारकून पुन्हा आला. हातात खुलासा होता, कडा दुमडलेल्या.

"नोटीस मागं घेतली साहेब. त्याचं काही नाही." तो घुटमळला. "पण पुढचं आहे का? ते तुम्ही टेबलाखालून रांगताना दिवेवाले मोजतात, तिथं संपतं. घरी मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोनं पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, आणखी एखादी नोटीस काढू का? माडाच्या झावळ्यांबद्दल निघेल एक."

"शासकीय कागद असा करमणुकीसाठी काढायचा नसतो," मसुदेराव कडक आवाजात म्हणाले. आत खिडकीशी बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

त्याच संध्याकाळी लाँचनं भावाचं कार्ड आलं. 'पुढच्या शनिवारी येतो. मशीन मोकळं ठेवलंय.' मसुदेरावांनी ते वाचलं, डोक्याला बोट लावलं आणि म्हणाले, "आठ दिवस म्हणजे काय थोडे झाले?"  बाईंनी ते कार्ड फाइलला टाचलं. रागावल्या असत्या तर मसुदेरावांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या, आणि ते मसुदेरावांना झोळीत पडल्यावरही दिसत राहिलं.

सकाळी ते रांगत बाहेर आले, उभे राहिले, तर टेबलावर त्यांच्या बाजूला एक कागद होता. त्यावर वजनाला दौत ठेवलेली. अक्षर बाईंचं, फळ्यावरचं, ठळक.

'पत्र क्र. ३८. विषय : कादंबरी अद्याप प्राप्त न झाल्याबाबत. संदर्भ : १) आपले निरोपाचे भाषण. २) माझे पत्र क्र. ३७, ज्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

महोदय, आपण या बेटावर येऊन तीन महिने बावीस दिवस झाले. सदर काळात आपण कादंबरीचे एकही पान लिहिलेले नाही. याची कारणे काय, आणि माझी दोन वर्षांची शाळा कशापायी गेली, याचा सविस्तर खुलासा आठ दिवसांत सादर करावा. न केल्यास कादंबरी हा शब्द घरातून कमी करण्यात येईल.'

मसुदेरावांनी ते दोनदा वाचलं. आधी अपमान वाटला. घरच्या माणसानं लेखी विचारावं! मग लक्षात आलं, मसुदा निर्दोष आहे. कुठं एक शब्द जास्त नाही. आणि मग, तीस वर्षांपूर्वी या अक्षराचं पाकीट टपालात दिसलं की ते करायचे, तसा त्यांनी सदरा सारखा केला. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात 'आवक क्र. १' घातला, स्टुलावर चढले आणि लिहिलं, 'उपरोक्त पत्राच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, सदर बेटावर माड फार असून सर्वांचा रोख माझ्याकडे आहे.'

त्यानंतर ते थांबले नाहीत. निरोपाच्या भाषणातल्या टाळ्यांपासून धरलं. वरच्या मजल्यावरचा तबला आला, ट्रंकेचं जोरात लागलेलं झाकण आलं, झोळी आली, दिवेवाले आले, नारळ आला. स्वतःची बाजू ते इतक्या ठामपणे मांडत गेले की ती हळूहळू उघडी पडत गेली, आणि ते त्यांच्या लक्षात येऊनही त्यांनी खोडलं नाही. डुंबणं बंद झालं. झोळी मोकळी पाहून दिवेवाले तिच्यात झोपायला लागले. टेबलाच्या आतल्या अर्ध्या भागावरून बाई चहा पुढं सरकवत, आणि झालेली पानं आत ओढून घेत. मसुदेराव विचारत नसत, पण आतून बाईंचं दाबलेलं हसू ऐकू आलं की त्यांचं पेन आणखी पळे.

शनिवारी सकाळी एकशे सतरा पानं झाली. संदर्भ क्रमांक एकचा निकाल लागला होता. संदर्भ क्रमांक दोन राहिला होता. मसुदेरावांनी तासभर पेनाचं टोपण चावलं. मग एक पान लिहिलं, बाईंकडे न सरकवता गठ्ठ्याच्या तळाशी घातलं, आणि गठ्ठ्याला टॅग बांधला.

अकराच्या लाँचनं मेहुणे आले. देह मोठा, नखांत शाई. टेबलाखालून जाणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून दिवेवाल्यांना उठवून मेहुण्यांना झोळीत बसवलं.

"लाँच तासाभरात परत सुटते. द्या मजकूर," ते म्हणाले.

मसुदेराव साहेबांपुढं उभं राहावं तसे उभे राहिले. "कादंबरी झाली नाही," ते म्हणाले. त्यापुढं त्यांनी एकही कारण जोडलं नाही. चौतीस वर्षांतलं हे त्यांचं सर्वांत छोटं उत्तर होतं.

बाई तोवर खिडकीतून उतरून आल्या होत्या. त्यांनी टेबलावरचा गठ्ठा उचलून भावाच्या मांडीवर ठेवला. "दादा, हे वाच."

"हे काय आहे?"

"आमचा घरगुती पत्रव्यवहार."

मेहुण्यांनी चष्मा लावला. दुसऱ्या पानावर त्यांचं पोट हललं. दहाव्या पानावर झोळी हलायला लागली. चाळिसाव्या पानावर माड हलायला लागले, आणि दिवेवाल्यांनी सगळ्यांना अनुभवाच्या जोरावर दोन पावलं मागं सरकवलं. लाँचनं भोंगा दिला. मेहुण्यांनी हातानंच 'जा' अशी खूण केली. तीन वाजता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मसुदेराव, ही छापणार. आहे अशी. पण अगं, हे शेवटचं छपराचं काय आहे?"

"कसलं छप्पर?" बाईंनी पान हातात घेतलं.

'संदर्भ क्र. २ बाबत : आपल्या वर्गाचे छप्पर दुरुस्त करण्याचा आदेश आपल्या चौथ्या पत्रानंतरच निघाला होता. तो मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. छप्पर दुरुस्त झाले असते तर आपली पत्रे थांबली असती. लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी आदेश रवाना केला. याखेरीज दुसरे कारण नाही. दिलगीर आहे.'

बाईंनी ते पान भावाच्या मांडीवर परत ठेवलं.

"दोन पावसाळे," त्या म्हणाल्या. "एका हातात खडू आणि एका हातात छत्री धरून मी पाढे शिकवले. पोरांच्या पाट्या पुसायला फडकं लागत नव्हतं. आणि आदेश खणात!"

त्या वळल्या आणि खिडकीतून आत गेल्या. स्टूल कलंडलं, ते त्यांनी उचललं नाही.

मेहुणे हळूच म्हणाले, "हे पान गाळू या का?"

मसुदेरावांचा चेहरा उतरला होता.  पण मान त्यांनी ठामपणे हलवली. "नको. जावक झालेलं पत्र परत घेता येत नाही."

ते टेबलापाशी येऊन उभे राहिले. आत बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात हलत होता. डोळे पुसतायत की काय, असं मसुदेरावांना वाटलं. थोड्या वेळानं बाई उठल्या आणि टेबलावरून, टाचण्यांना वळसा घालून, एक कागद त्यांच्याकडे सरकला.

'पत्र क्र. ३९. विषय : छप्पर. आपला खुलासा वाचला. तो समाधानकारक नाही. चौथ्या पत्रानंतर मी आपणास आणखी तेहेतीस पत्रे लिहिली. ती प्रत्येक वाचताना आपल्या मनात काय होते, याचा पत्रवार तपशील सादर करावा. मुदत : घाई नाही.'

मसुदेरावांनी मान वर केली. बाई आतल्या बाजूनं टेबलाशी येऊन उभ्या होत्या, आणि टेबलावर कोपरं टेकून वाट बघत होत्या. मसुदेरावांनी कलंडलेलं स्टूल उचललं, त्यावर चढून बसले, आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक पाच.'